डाव्या हातातली गुरगुर

व्हर्डेल हॉब्डी सकाळी डोळे उघडण्याआधी डावा हात कानाशी नेई. मनगटाच्या वर, डायलिसिसच्या सुयांसाठी डॉक्टरांनी जिथे शीर आणि धमनी एकमेकींना जोडली होती, तिथे रक्त सतत गुरगुरायचं, कुशीत निजलेल्या मांजरासारखं. ते ऐकू आलं की ती म्हणे, "आहेस ना? चल मग." त्यानंतरच ती पांघरूण बाजूला करी. चार वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती.

त्याआधी ही गुरगुर उजव्या हातात होती. मग पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भुलीत रक्तदाब घसरला, जोडातलं रक्त गोठलं आणि जागी झाल्यावर तिने हात कानाला लावला, तर आत सामसूम. पुढचे आठ महिने छातीत नळी घेऊन तिचं डायलिसिस चाललं. "डावा हात जपा," डॉक्टर म्हणाले होते, "याच्यापुढे जोडायला चांगली शीर उरलेली नाही." तेव्हापासून त्या हाताला घड्याळ नाही, पिशवी नाही, उशाला घेणं नाही. चर्चमध्ये कुणी प्रेमाने दंड धरायला आलं, तरी ती अंग चोरून उजवा हात पुढे करी.

आणि आता गळा. गळ्यातल्या मटाराएवढ्या चार ग्रंथी फुगून हाडांतलं कॅल्शियम उपसत होत्या. रात्रंदिवस अंगाला खाज, पायऱ्या चढताना नडग्यांत कळा, आणि मार्चमध्ये तर नुसत्या खोकल्याने बरगडी मोडली. गुरुवारी सकाळी दहाला त्या ग्रंथी काढायच्या होत्या. सगळे गळ्याबद्दल बोलत होते. व्हर्डेलला गळ्याचं काहीच वाटत नव्हतं. तीन तास ती भुलीत असणार, त्या वेळात हाताकडे कान कोण देणार?

बुधवारी डायलिसिसच्या खुर्चीत ती नेहमीपेक्षा गप्प होती. शेजारच्या खुर्चीत मिस्टर लाँझो पेटवे. सात वर्षांचा शेजार.

"काय गं, उद्या गळा कापून घेतेस म्हणे?"

"कापून नाही हो, साफ करून."

"मग जरा जिभेपर्यंत साफ करायला सांग. तेवढीच आम्हाला शांतता."

"तुमच्या कानातला मळ काढतील का, तेही विचारते."

म्हातारा पोट धरून हसला, त्याच्या यंत्राने पिंपिं केलं, आणि नर्सने येऊन दोघांना दटावलं. मग हळू आवाजात तो म्हणाला, "खरं सांग. कसली भीती?"

"आज रक्त पातळ करायचं औषध दिलं नाही त्यांनी. उद्या सुरी आहे म्हणून. रक्त घट्ट, वर भूल, वर रक्तदाब खाली. मागच्या वेळी असंच झालं होतं."

मिस्टर लाँझोने यावर थट्टा केली नाही. "सांग त्यांना," एवढंच म्हणाला. "लाजू नकोस. हात आपला, तोंडही आपलंच."

घरी येऊन तिने कपडे धुण्याच्या खोलीतला काळा मार्कर घेतला आणि डाव्या हातावर ठळक लिहिलं: इथे सुई नको, रक्तदाबाचा पट्टा नको.

गुरुवारी सहाला निघायचं होतं. धाकटी बहीण इनिथा गाडी सुरू करून बसली होती, आणि तेवढ्यात अंगणात मदर लुवेनिया उभी. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पांढऱ्या टोपीतली, चर्चमधल्या सगळ्या बायकांची आई. हातात इस्त्रीच्या घडीचा रुमाल. बुधवारच्या सभेत सगळ्यांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती आणि पवित्र तेलाचं बोट लावलं होतं.

"मदर, एवढ्या सकाळी कशाला आलात?"

"गप. कुठला हात?"

व्हर्डेलने डावा हात पुढे केला. दुसऱ्या कुणापुढे केला नसता.

असा रुमाल एरवी कपड्याला पिनेने टाचत. पण दवाखान्यात पिना काढून घेतात, हे मदरला पक्कं ठाऊक होतं. तिने तो कोपराच्या वर, बाहीच्या आत, दंडाभोवती गुंडाळला आणि अशी गाठ मारली, की जन्मभर कापसाची गाठोडी बांधलेले हात ओळखू यावेत. "आता हा काही सुटत नाही," ती म्हणाली.

शहर दोन तासांवर. व्हर्डेलने हात उशीवर दुमडून ठेवला आणि वाटभर डोळे मिटून घेतले. रुमाल दंडाला लागत होता आणि तिला ते बरं वाटत होतं, कुणीतरी धरून ठेवल्यासारखं.

दवाखान्यात तिने त्यांचा सैल झगा चढवला, खाटेवर बसली, हात कानाशी नेला.

काही नाही.

तिने हात हलवला. पुन्हा लावला. अगदी खोलवर, भिंतीपलीकडे कुणी कुजबुजावं तसं काहीतरी, आणि मग तेही नाही.

"इनी," ती म्हणाली, "गेला गं."

"काय गेला?"

"हात गेला. ऑपरेशनच्या आधीच गेला."

इनिथाने धावत जाऊन नर्सला आणलं. ती चाळिशीची, दणकट बांध्याची. तिने मार्करची अक्षरं वाचली, स्टेथोस्कोपची नळी लावून ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि झग्याची बाही वर सारली. "हे काय बांधलंय?"

"प्रार्थनेचा रुमाल."

"बाई गं! हाताला सुई नको, पट्टा नको, आणि हा फास चालतो?" तिने खिशातून कात्री काढली.

"कात्री नाही!" व्हर्डेल ओरडली. "त्याच्यावर तेल लावलंय."

नर्स थांबली. तिच्या आजीकडेही असले रुमाल असावेत. "मग सोडा लवकर. मी मिनिट मोजते."

गाठ नखांना दाद देईना. शेवटी इनिथाने वाकून दात लावले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "म्हातारीने डुक्कर बांधलंय की काय!" रुमाल सुटला. दंडावर लाल वळ उमटला होता. व्हर्डेल हात कानाशी नेईना. तिने तो नर्सपुढे धरला आणि भिंतीकडे पाहत राहिली.

"थांबा," नर्स म्हणाली. मग, "थांबा." मग तिने नळी व्हर्डेलच्याच कानात घातली.

आधी एक टोचरा, तुटका सूर. मग दुसरा त्याला चिकटला. मग पूर आलेल्या ओढ्यासारखा सगळा आवाज एकदम.

व्हर्डेल रडली नाही. भूल देणारा डॉक्टर आला, तसा तिने त्याचाच हात ओढला आणि त्याची बोटं आपल्या मनगटावर दाबून धरली. "कळतंय?"

"कळतंय, मॅडम."

"दर पंधरा मिनिटांनी असंच बघायचं. गळा तुमचे डॉक्टर बघतील, तुम्ही हे बघा. रक्तदाब उतरू द्यायचा नाही. कबूल?"

पोरसवदा डॉक्टर हसणार होता, पण तिचा चेहरा बघून हसला नाही. त्याने कागदावर लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. नर्सने रुमालाची घडी करून उशीखाली सरकवली. "इथून तो काही कुणाचा गळा धरत नाही," ती म्हणाली.

खाट सरकू लागली. इनिथा दारापर्यंत कडेकडेने चालत आली. तिच्या ओठांना अजून तेलाचा वास होता.

"इनी," व्हर्डेल म्हणाली, "मदरला यातलं काही सांगू नकोस हं. विचारलंच, तर म्हणावं, रुमाल छान बसला होता."