धुराड्याविना स्वयंपाकघर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे सांगताना आजही मान ताठ होते. बाप कऱ्हाटीत मेंढरं राखायचा. मी मात्र नव्वदच्या दशकात एका सल्लागार कचेरीत इंजिनिअर झालो. नव्या इमारतीत गोबरगॅस किंवा सौर बंब चालेल का, हे जागेवर जाऊन बघायचं आणि अहवाल द्यायचा, हे माझं काम.

इंदापूर तालुक्यात एका शाळेच्या मुलींचं वसतिगृह नव्यानं बांधायला घेतलं होतं. तिथं जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये एक मावशी चुलीवर भाकऱ्या करायच्या. धुरानं त्यांची छाती धरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूर सोडा, नाहीतर जिवाला मुकाल. पण काम सोडून खाणार काय?

"सायेब, गॅस व्हईल न्हवं? फुकून फुकून फुकणीबी दमली बगा."

"व्हईल की, मावशी."

प्रश्न शेणाचा होता. बागायतदार आपलं शेण उसाला घालतो, दुसऱ्याला देत नाही. पण शाळेच्या कमिटीतले एक तात्या म्हणाले, "माझ्या पडीक रानात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात. जागा माझी, म्हणून बैलांचं शेण माझं. न्या सगळं शाळंला."

महिना जानेवारीचा. मी दोन दिवस बैल मोजले, शेणाचं वजन केलं, गणित मांडलं. छापील फॉर्मात जनावरांची संख्या विचारली होती. ती किती दिवस राहणार, हे विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही. 'पुरवठा पुरेसा' असं लिहून सही ठोकली.

बांधकामवाल्यानं विचारलं, "मग स्वयंपाकघराला धुराडं ठेवायचं का?"

"गॅस असल्यावर धुराडं कशाला?" मी म्हणालो. त्यानं नकाशावर फुली मारली.

पुढच्या हिवाळ्यात गॅस पेटला. मावशींनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं. जुनी शेड पाडून टाकली. उन्हाळ्यात साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला आणि टोळ्या बैलगाड्या जुंपून आपल्या मुलखाला गेल्या. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा टाकीत नुसतं पाणी होतं. बाहेर पाऊस, म्हणून नव्या स्वयंपाकघरातच चूल मांडली. ओली बाभूळ, वर स्लॅब, आणि हातभर खिडकी.

मी श्रावणात गेलो. दारातूनच डोळे झोंबले. मावशी भिंतीला धरून खोकत होत्या. मला बघून म्हणाल्या, "माज्याच हातनं कायतरी चुकलं आसंल. शेणाचा काला नीट ढवळला न्हाय म्या."

"न्हाय मावशी. चूक माझी हाय."

"आवं, तुमी शिकल्यालं माणूस. तुमची कशी आसंल?"

घरी बापाला, आबांना, सांगितलं. ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "आरं, आपली मेंढरं आयुष्यभर लोकांच्या रानात खताला बसली. बसाया आल्यालं जनावर उठून जातंच की. ह्ये तुला कुणी सांगाया पायजे?"

मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, त्यात चूक माझीच असल्याचं लिहिलं. साहेब म्हणाले, "कशाला स्वतःहून सुरीखाली मान देतोस?" तरी पाठवलं. कमिटीच्या बैठका होत राहिल्या. धुराडं बसलं ते वर्षानं. तोवर मावशींनी काम सोडलं होतं.

त्या नरसिंहपूरला लेकीकडे असतात असं कळलं, म्हणून गेलो. ओट्यावर उशीला टेकून बसल्या होत्या. दोन शब्दांमागं एकदा थांबायच्या. लेकीला म्हणाल्या, "ह्ये आपलं… गॅसचं सायेब. च्या टाक."

लेक आत गेली. चूल पेटल्याचा वास आला तशा मावशी उठल्या, भिंतीचा आधार घेत अंगणाच्या पार टोकाला गेल्या आणि तिथूनच मला म्हणाल्या, "तुमी बसा. मी हितं बरी हाय."