बरगंडीची चव आणि मुकुंदची जीभ

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याकडेच निघालो होतो. इचिकावाला उतरायचं, हॉस्पिटलची बस पकडायची, वहिनींना जरा बाहेर पाठवायचं आणि सगळं एका दमात सांगून टाकायचं, असं ठरवून घर सोडलं होतं. असं ठरवून मी याआधीही गेलो होतो आणि दर वेळी हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो होतो. फलाटावर केइकोवहिनींचा फोन आला. "भावजी, आता घाई करू नका..." त्यांचं मराठी मुकुंदनेच शिकवलेलं, त्याच्याच हेलाचं. मला कळलं. आणि लिहायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. त्याला दीड महिना झाला. सुटलो वगैरे काही नाही.

मुकुंद निफाडकडचा, द्राक्षबागांत वाढलेला. मातीचा अभ्यास करायला जपानला आला, इथलीच मुलगी केली आणि इथलाच झाला. मी नागोयातली मोटार कंपनी सोडून कोतोमधल्या एका लहानशा वाइन आयात करणाऱ्या कंपनीत कारभार बघत होतो. मालक ओकादा-सान. मुकुंदला तिथे मीच आणला. माल चाखून निवडायचं काम त्याचं. माणूस शांत, नम्र वगैरे मुळीच नव्हता. ट्रेनमध्येही मोठ्याने बोलायचा आणि लोक वळून बघू लागले की मलाच दटावायचा, "दादा, हळू बोला ना!"

त्याचा जीव होता तो बरगंडीवर. फ्रान्समधली ही वाइनची भूमी म्हणजे खरं तर एक लांबच लांब उतार, सकाळचं ऊन घेणारा, चुनखडीचा. तांबड्या वाइनसाठी जवळजवळ सगळीकडे एकच द्राक्ष, पातळ सालीचं, नाजूक. आणि तरीही मधे एखादी गाडीवाट आली की अलीकडची चव वेगळी, पलीकडची वेगळी. प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव. गिऱ्हाइकांना हे समजावताना मुकुंद रंगात यायचा. पोमार आणि व्होल्ने ही तिथली शेजारची गावं. तो म्हणायचा, "या सख्ख्या जावा. एकीचा आवाज चौकात ऐकू येतो. दुसरी हळू बोलते, पण घर तीच चालवते." मग मला मराठीत, "एकेका मळ्याला किती मालक बघा दादा! एकाच्या दोन ओळी, दुसऱ्याच्या तीन. तरी कुणी बांध कोरत नाही. आमच्याकडे असतं तर दोन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या." ही वाइन अंगाने हलकी. तिच्यात ना साखरेचा आडोसा, ना दणकटपणाचा. ऊन, पाऊस, माणसाची चूक, काहीच लपत नाही, आणि म्हणूनच ती आपल्याला आवडते, असं तो सांगायचा. त्या वेळी ते मला नुसतं चांगलं वाक्य वाटलं होतं.

एकदा आम्ही दोघं तिथे गेलो होतो. एका शेतकऱ्याच्या तळघरात, अंगावर स्वेटर असून कुडकुडत, आम्ही वाटेच्या दोन्ही बाजूंच्या वाइन चाखत होतो. मुकुंदने पाठ फिरवली तेव्हा मी गंमत म्हणून पेल्यांची अदलाबदल केली. त्याने एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि डोळे न उघडता म्हणाला, "दादा, म्हातारपणी असले धंदे शोभत नाहीत." शेतकऱ्याने हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. मुकुंदची जीभ खोटं सांगत नाही, हे मला त्या दिवसापासून ठाऊक होतं. पुढचं सगळं मी हे ठाऊक असताना केलं.

ऑगस्टमध्ये ओबोनची, म्हणजे पितरांच्या सणाची, सुट्टी असते. आख्खं ऑफिस आपापल्या गावी जातं. शेवटी निघणाऱ्याने सगळं बंद करायचं, तेही इथल्या पद्धतीने, एकेका गोष्टीकडे बोट दाखवून, मोठ्याने म्हणून. गॅस बंद. पाणी बंद. वीज बंद. त्या वर्षी शेवटचा मी होतो. मी अगदी मन लावून बोट दाखवलं आणि मेन स्विच खाली ओढला. वरच्या मजल्यावरच्या थंड खोलीला वेगळी लाइन आहे, अशी माझी समजूत होती. नव्हती. सुट्टीनंतर सगळ्यांत आधी पोचलो आणि त्या खोलीचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी हवा अंगावर आली. आत बरगंडीचा नवा माल होता. मी स्विच वर केला. लोक येईपर्यंत मशीन घरघरायला लागलं होतं. मी कुणाला काही बोललो नाही.

पुढच्या महिन्यात मोठी गिऱ्हाइकं चव घ्यायला आली. मुकुंदने पहिला घोट घेतला आणि थांबला. दुसरी बाटली उघडायला लावली. बूच पाहिलं, किंचित वर आलेलं. आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ही वाइन शिजलीय. मुरांब्यासारखी लागतेय." इथे असं चारचौघांत कुणी बोलत नाही. ओकादा-सान माझ्याकडे वळले. "जोशी-सान, तुम्हाला काय वाटतं?" माझ्या तोंडात तोच मुरांबा होता. मुकुंद माझ्याकडे बघत होता, अगदी निश्चिंत. मी गिळलं आणि म्हणालो, "मला तर ठीक वाटते. मुकुंद-सान लहानपणापासून मिरच्यांचा ठेचा खातात, जीभ कधीतरी दगा द्यायचीच." सगळे हसले. प्रसंग टळल्याचं हसू होतं ते. मुकुंद हसला नाही. त्याने पेला टेबलावर ठेवला, परत उचलला आणि पुन्हा एकदा वास घेतला... माझ्यावर नाही, स्वतःवर शंका आल्यासारखा.

गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही. ती फक्त परत आली नाहीत. दोष मुकुंदच्या जिभेवर आला आणि त्याच्याकडून चाखण्याचं काम काढून घेतलं गेलं. वर्षभरात तो भाषांतराच्या कामाकडे वळला. 'ठेचावाली जीभ' ही चेष्टा मात्र इथल्या मराठी मंडळींत पसरली, गणपतीच्या जेवणावळीपर्यंत पोचली. तिचा जनक मी. त्याने मला कधी जाब विचारला नाही. वाइन मात्र पुन्हा घेतली नाही. पुढे केली की म्हणायचा, "मला काय कळतंय दादा!"

गेल्या रविवारी मी मुकुंदच्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्यांची मुलगी हाना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला विचारलं होतं, 'माझी जीभ गेली का गं?' मला वाइनमधलं काय कळतं? मी म्हटलं, जोशीदादा खोटं कशाला बोलतील?"

वहिनी पुढे सांगत राहिल्या.

"तेव्हापासून आमटीत मीठ घालायचं असलं तरी चमचा घेऊन बाहेर यायचे. मला विचारायचे, हानाला विचारायचे, पार्सल घेऊन आलेल्या माणसालासुद्धा. आम्ही हसायचो, भावजी. आम्हाला वाटायचं, लाडात येतात." मग, आवाज न चढवता, "हे लिहा. जे हसले त्यांना वाचू दे."

हाना आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती हातात चमचा घेऊन, खाली तळहात धरून, आमटी सांडू नये म्हणून. या घरात पाहुण्यापुढे चमचा असाच येतो. तिला दुसरी पद्धत माहीत नाही. चमचा माझ्या तोंडाजवळ आला आणि थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग चमचा मागे घेतला आणि स्वतःच चाखला.

एरवी ती माझ्याशी जपानीतच बोलते.

"मीठ कमी आहे," ती मराठीत म्हणाली, आणि कुणाला न विचारता आत जाऊन तिने ते घातलं.