गॅरेजमधली बादली

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही — तुम्ही नीलिमाताईला ओळखत नाही, म्हणून असेल.

इकडे परदेशात, केलीव्हिलच्या आमच्या घरात खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात मी प्रवाळ वाढवते. हा नाद ताईनंच लावला — सख्खी नव्हे, मानलेली ताई. ती गिरावीनला राहते, माझ्या घराजवळच्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. तिच्याकडे एक सोनेरी प्रवाळ होतं — खाली दगडी फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला मऊ, सतत डुलणाऱ्या बोटांचा झुबका. त्याची एक फांदी कापून तिनं मला दिली होती. आम्हा प्रवाळवाल्यांत तशी रीतच आहे. आपल्याकडचं चांगलं वाण दुसऱ्याकडे देऊन ठेवायचं; आपला टँक गेला, तर त्याच्याकडून तुकडा परत घ्यायचा.

लॉकडाऊनमध्ये ताईची आई नाशिकला अंथरुणाला खिळली. विमानं बंद. रोज व्हिडिओ कॉल — आणि म्हातारीला लेकीपेक्षा ते डुलणारं झाडच बघायचं असायचं. ताई मला हसत सांगायची.

मग एकदा ती डबल शिफ्टला असताना घरची वीज गेली, पंप थांबले. टँकमधलं काहीच वाचलं नाही. तिनं मला फोन केला.

तेव्हा मी कुठे होते? टँकसमोरच — लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसचं काम करत. माझं प्रवाळ ऐन भरात होतं, एका फांदीची झुडूपभर दाटी झाली होती.

"अगं, एक फांदी दे ना," ताई म्हणाली. "अरव्होला, दुपारी शिफ्ट संपली की तुझ्या दारातून उचलते. आई सारखी विचारतेय."

एक फांदी. कटरनं कापायची, पिशवीत घालायची, झालं. त्या झुडपाला त्याचा पत्ताही लागला नसता. मला हे ठाऊक नव्हतं का? कापायला तर तिनंच शिकवलं होतं.

मी म्हणाले, "ताई, माझंही गेलं गं."

का? आकार बिघडला असता. ग्रुपवर फोटो टाकला की लोक वा वा करायचे. याहून मोठं कारण मी खूप शोधलं — नाही सापडलं. ताईनं उलट माझीच समजूत घातली. उद्या फोन करू, एक वाचली म्हणून सांगू — रोज ठरवायचे. रोज टँकची काच पुसायचे आणि फोन राहायचा.

त्याच हिवाळ्यात ताईची आई गेली. ताईला जाता आलं नाही.

राज्यांच्या सीमा उघडल्यावर ताई गाडी घेऊन थेट टूवूंबाला गेली. तिथे तिची युनिव्हर्सिटीतली मैत्रीण राहते. तिलाही कधीतरी एक फांदी दिलेली. परतताना मला फोन — "तुझ्याकडे येतेय." मी काय केलं असेल? अख्खं प्रवाळ उचलून बादलीत घातलं, बादली गॅरेजमध्ये, वर टॉवेल.

ताईच्या एस्कीत, त्या थंडपेटीत दोनच फांद्या होत्या, एकमेकींना जोडलेल्या. माझ्या ओट्यावर तिनं त्या कापून वेगळ्या केल्या आणि एक माझ्यापुढे सरकवली.

"तुझंही गेलं होतं ना," म्हणाली. मग म्हणाली, "आईला शेवटी जुना फोटोच दाखवत होते गं. ती म्हणायची, हे हलत का नाही?"

मी चहा टाकला. गॅरेज तिथून चार पावलांवर होतं.

ती गेल्यावर बादली आत आणली. संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा फुललं, डुलायला लागलं. तिची फांदी मी त्याच्याच शेजारी चिकटवली. आता एवढी दाटी झालीय की तिनं दिलेली कुठली, ते मलाच सांगता येत नाही.

ती अधूनमधून विचारते, तुझी कशी आहे? मी अगदी जवळून एकाच फांदीचा फोटो काढते, आजूबाजूचं दिसणार नाही असा. ती म्हणते, व्हिडिओ पाठव की, हलताना बघू दे.

मी फोटोच पाठवते.