पिशव्यांच्या वजनावरून जगाचं भविष्य

पोस्टाच्या परदेशी टपाल विभागात बाईंनी बत्तीस वर्षं पिशव्या उघडल्या. कोणत्या देशाची पिशवी जड, कोणाची हलकी, हे त्यांना काट्याशिवाय, नुसतं एका हातानं उचलून कळायचं. आणि त्यावरून उद्या जगात कोणाची चलती होणार हेही आपल्याला कळतं, असा त्यांचा ठाम समज होता. ऑफिसात त्यांना 'परराष्ट्रमंत्री' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

हे ज्ञान ऑफिसातच राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण बाई ते घरी घेऊन येत. थोरली मुलगी शाळेत होती तेव्हा जर्मनीहून यंत्रांच्या सुट्या भागांची खोकी यायची. "पुढची पन्नास वर्षं युरोपची," बाईंनी जाहीर केलं आणि पोरीला जर्मनच्या शिकवणीला घातलं. ती रडत रडत क्रियापदं पाठ करतेय तोवर जपानी पिशव्या जड झाल्या. मग धाकट्याची पाळी आली. त्याची जपानी अक्षरं जरा वळणावर येतात न येतात, तोच चीननं बाजी मारली.

"आई, मागचंच अजून संपलं नाही."

"दिसायला सारखंच आहे. चालवून घे!"

आज थोरली दातांची डॉक्टर आहे, धाकटा बस डेपोत वेळापत्रकं आखतो. 'माफ करा, मला तुमची भाषा येत नाही' एवढं मात्र दोघं त्या त्या भाषेत अगदी शुद्ध उच्चारात म्हणू शकतात.

बाईंचे यजमान रेडिएटर दुरुस्त करत. यावर ते एकदाच बोलले होते, "तुझं जग दर दहा वर्षांनी कूस बदलतं आणि झोपमोड होते ती पोरांची."

बाई निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी थोरलीच्या मुलीला शाळेत परकी भाषा निवडायची वेळ आली. बाईंनी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं.

"अमेरिका?" यजमानांनी विचारलं.

"दमलीय."

"मग चीनच राहू दे की."

"तिथं आता म्हातारे वाढलेत. आफ्रिका बघा! निम्मी माणसं विशीच्या आतली. जिथं पाळणे हलतात, तिथूनच उद्या जगाची सूत्रं हलणार. स्वाहिली घ्यायची."

"आजी, मी स्पॅनिश लिहून फॉर्म देऊनसुद्धा आले," नात म्हणाली. "माझ्या मैत्रिणीनं तेच घेतलंय."

बाईंना ते फार लागलं. तिसऱ्या दिवशी मात्र नवी कोरी वही घेऊन त्या वरच्या मजल्यावर गेल्या. तिथं टांझानियातून आलेली एक परिचारिका राहायची. "मला तुझी भाषा शिकव. पुढचं शतक तुमचं आहे," बाई म्हणाल्या.

परिचारिका हसता हसता खुर्चीतच बसली. तिचे वडील बंदरात क्रेन चालवायचे. उतरणारा माल बघून त्यांनी लेकीला सांगितलं होतं, पुढचं शतक त्या लोकांचं. म्हणजे बाईंच्या लोकांचं! बाराव्या वर्षीच तिला बाईंच्या भाषेच्या शिकवणीला बसवलं. "मला पळायच्या शर्यतीत उतरायचं होतं," ती म्हणाली. "शिकवणी आणि सराव एकाच वेळेला."

"रडलीस?"

"खूप."

बाई वही तशीच मिटून खाली आल्या आणि त्यांनी थोरलीला फोन लावला. "तू शाळेत होतीस ना, तेव्हा तुला काय शिकायचं होतं गं?"

"आज अचानक काय? ...पोहायला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, आई. तू म्हणालीस, युरोपात थंडी असते, पोहायचंय कुठं!"

पुढच्या महिन्यात थोरलीनं चाळिशीत पोहायच्या तलावावर नाव नोंदवलं आणि बाई पहिले आठ दिवस काठावर टॉवेल धरून उभ्या राहिल्या. सूचना एकही केली नाही.

स्वाहिली मात्र त्यांनी सोडली नाही. दर रविवारी त्या वर जातात आणि फोनवर परिचारिकेच्या क्रेनवाल्या वडिलांशी वाद घालतात. ते म्हणतात, जग तुमचं. बाई म्हणतात, छे, तुमचं. एवढं मोठं राज्य, आणि दोघांचं आपलं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' चाललेलं. मध्ये बसून भाषांतर करणारी परिचारिका दोघांचीही निम्मी वाक्यं गाळते, हे अजून दोघांनाही कळलेलं नाही.