हात न लावता नाचायचा नाच

आशियातले सगळे नाच एकच असतात, हे ज्ञान मला जपानमधल्या कावासाकी शहराच्या वॉर्ड ऑफिसात मिळालं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथे दर नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय मेळावा भरायचा आणि आमच्या दांचीत, म्हणजे एकसारख्या पाचमजली इमारतींच्या वसाहतीत, भारतातून आलेली मी एकटीच असल्यामुळे कमिटीत माझी वर्णी लागली होती. तिथले साहेब मला 'इंदोच्या ओकुसान', म्हणजे भारताच्या वहिनी, म्हणायचे. ते कागदावरून बोट फिरवत म्हणाले, "इंदोच्या ओकुसान, लाओसचा नाच तुम्ही बसवा. तुमच्या शेजारचाच देश ना?"

नकाशा फार लांबून पाहिला तर शेजारचाच. मी लगेच हो म्हटलं. पुण्यात सोसायटीच्या गरब्यात मला दुसरं बक्षीस मिळालं होतं. अशा बाईला लाओस काय अवघड?

लाओसची बाई माझ्या खालच्या मजल्यावर राहायची. तरुणपणी निर्वासित म्हणून आली, इथेच राहिली, बेंतोच्या कारखान्यात डबे भरायची. दीड वर्षापूर्वी तिने वडिलांनाही बोलावून घेतलं होतं. गावात कुठलंही लग्न असो, नाचाची पहिली फेरी धरायचे ते हेच. इथे आल्यापासून मात्र खिडकीपाशी बसून असायचे आणि रोज एकच सांगायचे, मला परत पाठव. गावातलं घर रिकामं, आई गेलेली, त्यांना बघणारं कुणी उरलं नव्हतं. "एकदा नाचले ना बाबा, की राहतील," ती मला म्हणाली. मेळाव्याला ती तयार झाली ती फक्त एवढ्यासाठी. तिचं हे बोलणं मी ऐकलं होतं. मला ऐकू येत नव्हतं असं नाही.

दांचीच्या सभागृहात तिने आम्हा आठ बायकांना लामवोंग, हा त्यांचा रिंगणातला नाच, शिकवायला घेतला. पुरुषाने बाईसमोर हात जोडून उभं राहायचं, बाईने उठायचं. मग मनगटं वळवत, बोटं उलगडत हळूहळू पुढे सरकायचं. प्रत्येकजण स्वतःभोवती फिरतो, जोडी एकमेकांभोवती फिरते आणि सगळे मिळून रिंगणात फिरतात. अशी तीन वर्तुळं. वेग असा, की चुलीवरचं दूध उतू जायच्या आत एक फेरी पूर्ण झाली तर नशीब. मी मनात म्हटलं, हा नाच आहे की जेवणानंतरची शतपावली?

मग मी सुधारणा केल्या. टाळ्या घातल्या. शेवटी फुगडी घातली. वेग दुप्पट केला, कारण कार्यक्रमपत्रिकेवर आम्हाला सात मिनिटं होती आणि जपानात सात मिनिटं म्हणजे सातच. ती बिचारी मधूनमधून काहीतरी सांगायला तोंड उघडायची. मी म्हणायचे, "हो हो, आधी टाळी बघू."

मेळाव्याच्या दिवशी तिचे वडील आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पहिल्या रांगेत, हात मांडीवर. कॅसेट सुरू झाली, त्यातला बांबूचा बाजा वाजू लागला आणि म्हाताऱ्याची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. मी ते पाहिलं. तिनेही पाहिलं. ती नाचता नाचता त्यांच्या दिशेला सरकत होती, सावकाश, आपल्या गतीने.

मला कुठला धीर? आपल्याकडे वरातीत, मिरवणुकीत नको नको म्हणणाऱ्याला हाताला धरून ओढतात. तो लाजतो, मग नाचतो, मग थांबत नाही. त्यात त्याचा मान असतो. मी रिंगणातून धावत गेले, म्हाताऱ्याचं मनगट धरलं आणि ओढलं.

ते उठले नाहीत. हात सोडवूनही घेतला नाही. नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले. शरमेने कानापर्यंत लाल झाले होते. मी हात सोडला तेव्हा त्यांनी शर्टाची बाही नीट केली. नाच थांबला. स्टॉपवॉचवाले साहेब मात्र खूश झाले, आम्ही दोन मिनिटं आधी संपवलं होतं.

दोन दिवसांनी, जळणारा कचरा टाकायच्या सकाळी, ती पिशवी घेऊन जिन्यात भेटली. म्हणाली, "एप्रिलमधलं नवं वर्ष इथे करणार आणि जाणार म्हणतात. तिकीट काढायला सांगितलंय." मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, "लामवोंगमध्ये हात लावत नाहीत. कधीच नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्ही टाळ्या बसवत होता."

तो हिवाळा मी लाजेने जिना बदलून वर-खाली केलं. म्हाताऱ्याला मीच घालवलं, असं रोज वाटायचं.

एप्रिलमध्ये त्यांच्या नव्या वर्षाला तिने मला बोलावलं. जावं की नाही याचा तीन दिवस विचार केला आणि गेले. एका हॉलमध्ये लाओसची पन्नासेक माणसं होती. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले. टाळी वाजवली नाही, कुणाला ओढलं नाही, सूचनासुद्धा केली नाही. बाजा सुरू झाला. म्हातारा उठला. रिंगण अजून रिकामंच होतं. तो खुर्च्यांच्या कडेकडेने चालत आला, माझ्यासमोर थांबला आणि हात जोडले.

मी उठले. सवयीने माझा हात पुढे गेला आणि मी तो अर्ध्यातून मागे घेतला. म्हाताऱ्याने ते पाहिलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आम्ही पहिली फेरी धरली. तो पाण्यात उभा असल्यासारखा सावकाश नाचत होता, मी आपली त्याच्या पुढे जायची आणि थांबायची, पुढे जायची आणि थांबायची. हळूहळू मागे सगळा हॉल उठला.

फेरी संपली. त्याने पुन्हा हात जोडले आणि मुलीला काहीतरी लांबलचक सांगितलं. ती डोळे पुसत हसायला लागली.

"काय म्हणाले?" मी घाबरत विचारलं.

"म्हणतात, तिकीट राहू दे. ही बाई अशीच सोडून गेलो तर सगळ्या जपानला चुकीचा लामवोंग शिकवेल."