पाच चेहरे आणि एक भाकरी

निवृत्त माणूस कुठल्या ना कुठल्या समितीच्या हाती सापडतोच. मी येरवड्यातल्या एका अंगणवाडीत सापडलो. कुपोषित मुलं पाकिटातली शेंगदाण्याची औषधी पेस्ट खातात की पारंपरिक नाचणीची खीर, याची पाहणी चालली होती. वाटीत उरलेल्याचं वजन करून लिहायचं, एवढंच माझं काम.

आवड मोजायला एक तक्ता होता. त्यावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे. पहिल्या दिवशी समितीने दोन्ही पदार्थ स्वतः चाखले, एकेक चमचा, आणि एकमताने हसरा चेहरा निवडला. खिरीत केशर होतं. पारंपरिक म्हणजे कोणाच्या घरचं, हे मी विचारलं नाही.

दोन वर्षांच्या एका मुलीला मात्र समितीचा निकाल मान्य नव्हता. पेस्ट तिने माझ्या बाहीवर थुंकली, खीर पाहून तोंड फिरवलं. तिची आई विदर्भातून आलेली, मार्केट यार्डात कांदे निवडायची. शनिवारपर्यंत वजन वाढलं नाही तर मुलीला पंधरा दिवस दवाखान्यात ठेवायचं ठरलं होतं. पंधरा दिवस खाडा झाला की आईची जागा दुसरी बाई घेणार, हेही ठरलेलंच होतं.

"ते असं नाही खात जी," आई म्हणाली. "भाकरीसंगं देऊन पाहू का?"

"नियमात बसत नाही. पाकिटातूनच द्यायचं," समितीच्या बाई म्हणाल्या आणि मान्यवरांचं स्वागत करायला फाटकाशी गेल्या.

आईने फडक्यातली ज्वारीची भाकरी काढली, तुकड्याला पेस्ट फासली. मुलीने तुकडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि खाल्ला. मग दुसरा मागितला. पाकीट संपलं. मी वहीत लिहिलं: भाकरीला लावून दिलं, उरलं शून्य.

बाईंनी परत येऊन ते खोडलं.

"अहो, असा रकानाच नाहीये!"

"मुलीने खाल्लंय."

"आपण फक्त वजन लिहायचं. मत विचारलंय का कोणी?"

मुलगी पाहणीतून बाद झाली. अंगणवाडीच्या सेविकेने पाकिटं मात्र चालू ठेवली. आई रोज भाकरी आणायची.

शनिवारी मुलीला काट्यावर बसवलं. सेविकेने दोनदा पाहिलं. "वाढलं गं. दवाखाना नको आता."

आईने मुलीला कडेवर घेतलं. तेवढ्यात समितीच्या बाई तक्ता घेऊन आल्या. फोटोसाठी एक समाधानी माता हवी होती.

"सांगा बरं, यातला कुठला चेहरा?"

आईने पाचही चेहरे नीट पाहिले.

"यातलं जेवलं कोण जी?" तिने विचारलं. उत्तरासाठी ती थांबली नाही. यार्डात कांद्याचा ट्रक यायची वेळ झाली होती.