बाररूमची पसंतीक्रमाची निवडणूक

कोर्टातला निम्मा दिवस पुकाऱ्याची वाट बघण्यात जातो. अशी वाट बघणारे पन्नास-साठ वकील एका खोलीत बसवले की किस्से साठायला वेगळं काही करावं लागत नाही. आमच्या सोलापूरच्या बाररूममधले सगळेच सांगायला घेतले तर उन्हाळ्याची सुट्टी पुरायची नाही, म्हणून एकाच निवडणुकीचे सांगतो. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी महसुलाच्या कामातला, म्हणजे ना दिवाणीवाल्यांचा ना फौजदारीवाल्यांचा, म्हणून निवडणूक अधिकारी मला केलेलं. अधिकाऱ्याला मत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

* * *

अध्यक्षपदावरून दरवर्षी दिवाणी विरुद्ध फौजदारी अशी जुंपायची. महिना महिना एकमेकांच्या टेबलावर चहा नाही. शेवटी हिरेमठ वकिलांनी सुचवलं, यंदा पसंतीक्रमानं मतं घेऊ. फुली मारायची नाही, नावांपुढं एक, दोन, तीन लिहायचं. निम्म्याहून जास्त 'एक' कुणालाच मिळाले नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिकांवरचे 'दोन' उरलेल्यांना द्यायचे.

"सगळ्यांना चालेल असा माणूस यायला पाहिजे की," असं त्यांचं म्हणणं. आणि सगळ्यांना चालेल असा माणूस आमच्यात एकच होता, ते स्वतः! हे ते बोलले नाहीत, पण आम्हाला काय कळत नव्हतं? आधी दोनदा त्यांनी दुसऱ्यासाठी माघार घेतली होती. आता डोळे अधू होत चालले होते, वर्षभरात मुलगा त्यांना हुबळीला घेऊन जाणार होता. बाररूमच्या भिंतीवर अध्यक्षांच्या नावांची लाकडी पाटी आहे, तिच्यावर एकदा आपलं नाव लागावं एवढीच त्यांची इच्छा. यंदा नाही तर कधीच नाही.

* * *

उमेदवार तीन. दिवाणीचे आवटे, फौजदारीचे काझी आणि हे हिरेमठ. नावं अकारविल्हे छापायची, म्हणजे हिरेमठ आपोआप तळाला. मी म्हटलं, तुमचं नाव अण्णप्पा, तेच आधी लिहून द्या, सरळ माथ्यावर जाल, वरच्या नावाला चार मतं उगीचच जास्त पडतात. तर म्हणाले, कोर्टात मला सगळे हिरेमठ म्हणतात, अण्णप्पा छापलं तर हा कोण नवीन आला म्हणतील. पुष्कळ डोकं आपटलं. ऐकतील तर शपथ!

* * *

वरच्या नावाचं मी उगीच म्हणत नव्हतो. मतदानाच्या दिवशी दिवाणीतले एक सत्तरी ओलांडलेले वकील मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेले आणि चष्मा न लावताच बाहेर आले. नीट वाचलंत ना, असं मी विचारलं.

"वाचायचं काय त्यात? एकाखाली एक नावं दिसली की नंबर घालायचे. प्रतिवादी एक, प्रतिवादी दोन, प्रतिवादी तीन. जन्मभर तेच केलंय."

असा हात चालवणारे आणखी पाच-सात निघाले. आवट्यांचं बसल्या जागी भलं झालं.

* * *

एका पठ्ठ्यानं मतपत्रिकेवर झोकदार सही ठोकली, खाली तारीख, शेजारी 'सोलापूर'. बाद! तर तो माझ्याशीच भांडायला उठला की बिनसहीचा कागद मी आजवर कुणाच्या हातात दिलेला नाही. दुसऱ्यानं 'एक' लिहिला आणि 'दोन' कुणाला द्यावा ते काही ठरेना, तर त्यानं मतपत्रिकेला चक्क मुदतीचा अर्ज टाचला. कामाच्या व्यापामुळे विचार करण्यास अवधी मिळाला नाही, सबब दुसऱ्या पसंतीसाठी पुढील तारीख मिळावी. मी त्याचा 'एक' धरला आणि अर्ज नामंजूर केला.

* * *

काझींचा एक ज्युनियर त्यांच्यावर लई खूश. त्यानं काझींच्या एकट्याच्या नावापुढं एक, दोन, तीन असं ओळीनं लिहिलं. मिळताहेत तीन, तर तिन्ही साहेबांनाच का नको, असा त्याचा हिशोब. तेही बाद करावं लागलं. काझींनी कपाळाला हात लावला आणि त्याला म्हणाले, "अरे मियाँ, एकीच बस था ना!"

* * *

हिरेमठांचा प्रचार म्हणजे बघण्यासारखा. टेबलाशी जाऊन उभे राहायचे, तब्येतीची चौकशी करायचे आणि जाता जाता हळूच म्हणायचे, माझाही विचार असू द्या. समोरचा खुर्चीतून उठून सांगायचा की तुमचं दुसरं मत पक्कं. दिवाणीवाले तेच, फौजदारीवालेही तेच. हे आपले खूश होऊन माझ्याकडे यायचे की कुणी नाही म्हणत नाही हो. मी म्हणायचो, अहो, पहिलं कोण देणार ते विचारा की एकेकाला. तर म्हणायचे, असं तोंडावर कसं विचारायचं?

* * *

मतदानाच्याच दिवशी संध्याकाळी मोजणी झाली. आवट्यांचा गठ्ठा निम्म्याच्या जरासाच वर गेला, बाकी सगळी मतं काझींची. हिरेमठांचा गठ्ठाच झाला नाही. बहुतेक प्रत्येक मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढं 'दोन' होता, पण आवट्यांना बहुमत मिळाल्यावर 'दोन' मोजायचं कारणच उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून सही करणाऱ्याला मी बाजूला घेऊन विचारलं, तू रे? तर म्हणाला, आवटे माझे सीनियर पडतात, आणि मला वाटलं, हिरेमठ साहेबांना बाकीचे देतीलच की. बाकीच्यांनाही तेच वाटलं होतं.

आवट्यांचे पेढे वाटून झाले. हिरेमठांनी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं, पेढा खाल्ला आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"एकसुद्धा नाही?"

मी मान हलवली. आणि मग मला राहवेना. "अहो हिरेमठ, निदान स्वतःचं मत तरी स्वतःला द्यायचं!"

"आपल्याच हातानं आपल्या नावापुढं एक? बरं दिसतं का ते? आवटे वयानं मोठे, त्यांना दिला."

"मग स्वतःच्या नावापुढं काय लिहिलंत?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, "दोन."